छत्तर मंझिलमधले पेपर

१९५१ साली दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याची एक पद्धत लिहून काढली आणि ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ने ती छापली. त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला लखनौत, गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात, पंडित नेहरूंनी केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं उद्घाटन केलं. घुमटावर सोनेरी छत्री असलेली ही इमारत अवधच्या नवाबांनी राहण्यासाठी बांधली होती. आता तिथल्या दालनांत काचेच्या नळ्या, उंदरांचे पिंजरे आणि रसायनांचे वास आले.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण लखनौच्या त्या प्रयोगशाळांतही प्रथिन मोजायची वेळ आली की जगात सगळीकडे करत तेच केलं जायचं, म्हणजे ‘लाउरी’. पद्धतीला लेखकाचंच नाव पडलं होतं. पेपर लिहिताना ‘प्रथिनाचं प्रमाण लाउरी पद्धतीने मोजलं’ असं एक वाक्य टाकायचं, त्यावर बारीक आकडा द्यायचा आणि शेवटच्या यादीत १९५१च्या त्या लेखाची नोंद करायची. अशी नोंद म्हणजेच सायटेशन, मराठीत म्हणू या उल्लेख. २०१४ साली ‘नेचर’ने सगळ्यात जास्त उल्लेख झालेल्या शंभर शोधनिबंधांची यादी काढली तेव्हा लाउरींचा लेख पहिला होता. उल्लेख तीन लाखांच्या वर. डीएनएची दुहेरी गुंडाळी सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा लेख त्या शंभरांत नव्हता.

उल्लेखांची संख्या म्हणजे थोरवीचं माप असं मानणाऱ्याला इथेच थांबावं लागतं. लाउरींना स्वतःलाही तो आपला थोर लेख वाटत नव्हता. डीएनएचा आकार आता शाळेच्या पुस्तकात आला, त्यासाठी कोणी मूळ लेखाचा हवाला देत नाही. जे ज्ञान सगळ्यांचं होऊन जातं त्याच्या मालकाचं नाव पुसलं जातं. रोज लागणारी पद्धत मात्र रोज नोंदवावी लागते. आपल्याकडचं असंच उदाहरण म्हणजे भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. सायरस फिस्के यांच्याबरोबर १९२५ साली त्यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत दिली आणि पुढची कित्येक दशकं ‘फिस्के-सुब्बाराव’ हे जोडनाव जीवरसायनाच्या प्रयोगवह्यांत सतत येत राहिलं. वापरणाऱ्यांपैकी कितीजणांना सुब्बाराव कोण हे ठाऊक होतं, हा प्रश्नच आहे.

उल्लेखांचा हिशेब ठेवण्याची कल्पना आली कुठून, हे मला या साऱ्या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं वाटतं. ती वकिलांकडून आली. नागपूरहून निघणारे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे जाडजूड खंड वकिलांच्या कचेरीत पाहिले असतील, तर न्यायालयात जुन्या निकालाचा दाखला किती जपून द्यावा लागतो हे कळेल. आपण ज्या निकालाचा आधार घेतो तो नंतर वरच्या न्यायालयाने फिरवला असेल तर तोंडघशी पडायची वेळ. अमेरिकेत १८७३पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची याच कामासाठी निघत होती. एखादा निकाल पुढे कुठेकुठे उद्धृत झाला ते त्यात सापडे. शिवाय प्रत्येक नोंदीपुढे खुणेचं अक्षर असे: पुढच्या न्यायालयाने हा निकाल मानला, वेगळा ठरवला, की रद्द केला.

फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी हीच युक्ती विज्ञानाला लावायची ठरवली. १९५५ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागला. मी विद्यार्थी असताना हे खंड ग्रंथालयात पाहिले आहेत. पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं, शेजारी ठेवलेलं भिंग. जुन्या लेखकाचं नाव काढायचं आणि त्याच्याखाली पाहायचं की यंदा जगात कोणी त्याचा आधार घेतला. पुस्तकाच्या शेवटची यादी आपल्याला मागे नेते, ही सूची पुढे नेते. एका पेपरमधून निघून त्याच्या नातवंडा-पतवंडांपर्यंत जाता येतं, ही सोय तेव्हा चमत्कारासारखी वाटली.

पण वकिलांच्या सूचीतली एक गोष्ट गारफिल्डच्या सूचीत आली नाही. खुणेचं अक्षर गळालं. कोणी कोणाचा आधार घेतला हे कळलं, पण मानून घेतला की खोडून काढण्यासाठी, हे कळायची सोय राहिली नाही. प्रत्येक उल्लेख एक, एवढंच. जे मोजता येतं ते मोजलं जाऊ लागलं. आधी सूचीत कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवण्यासाठी इम्पॅक्ट फॅक्टर आला. समजा एका नियतकालिकाने दोन वर्षांत मिळून २०० लेख छापले आणि तिसऱ्या वर्षी त्या लेखांचे ६०० उल्लेख झाले, तर इम्पॅक्ट फॅक्टर ३. हा नियतकालिकाचा सरासरी आकडा, त्यातल्या एकेका लेखाचा नव्हे. दोन-चार लेख खूप उद्धृत होतात आणि बाकीचे त्यांच्या जिवावर सरासरी खातात. २००५ साली कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी माणसासाठीचा आकडा काढला, एच-इंडेक्स. तो समजायला सोपा आहे. एका संशोधिकेचे सहा पेपर आहेत असं धरा, आणि उतरत्या क्रमाने त्यांचे उल्लेख ९०, ४०, १२, ५, ३, १. चौथ्या पेपरला निदान चार उल्लेख आहेत, पाचव्याला पाच नाहीत. म्हणून तिचा एच-इंडेक्स ४. पहिल्या पेपरचे उल्लेख ९०वरून ९,००० झाले तरी आकडा चारच. आयुष्यात एकदाच मोठा शोध लावणाऱ्यापेक्षा सातत्याने बरं काम करणारा या मापात उंच दिसतो.

आता हा फूटपट्टीचा संच घेऊन लखनौला परत जाऊ, आणि छत्तर मंझिलमध्ये १९५१ साली रुजू झालेल्या एका तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे पाहू.

नित्य आनंद यांचा जन्म १ जानेवारी १९२५चा, लायलपूरचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या फैसलाबादचा. लाहोर आणि दिल्लीत शिक्षण झाल्यावर ते मुंबईला आले. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रसायन-तंत्रज्ञान विभागात, के. वेंकटरामन यांच्या हाताखाली त्यांनी पहिली पीएचडी केली, दुसरी केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे. टॉड यांना पुढे १९५७ साली नोबेल मिळालं. लखनौला ते आले ते कायमचेच. १९७४ ते १९८४ ते संस्थेचे संचालक होते, आणि २७ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, लखनौतच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावावर चारशेच्या वर शोधनिबंध आणि सव्वाशेच्या वर पेटंटं सांगितली जातात.

चारशे हा आकडा दिपवणारा आहे. पण नुसत्या आकड्याने काही उलगडत नाही. शीर्षकं वाचावी लागतात. टॉड यांच्याबरोबरचा १९५२चा पेपर न्यूक्लिओटाइडांवरच्या एका लांब मालिकेतला एक क्रमांक आहे. ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त १९७६ साली आलेल्या पेपरच्या शीर्षकातच ‘गर्भरोधी द्रव्ये, १२’ असं आहे. म्हणजे हा बारावा हप्ता. औषध-रसायनाचं काम असंच चालतं. एक सांगाडा घ्यायचा, त्याच्या एका टोकाला नवा गट जोडायचा, उंदरावर पाहायचं, मग दुसरं टोक बदलायचं. प्रत्येक टप्प्याचा पेपर निघतो. चारशे पेपर म्हणजे चारशे शोध नव्हेत, पाच-सहा दीर्घ उद्योगांच्या रोजनिशीची पानं आहेत. त्यांत उणेपणा काही नाही. कोणता बदल केल्याने औषधाचा गुण गेला हे छापून ठेवलं नाही, तर पुढचा माणूस तोच बदल पुन्हा करत बसेल.

१९५८च्या सुमारास ते काही काळ हार्वर्डला बर्नार्ड डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेत होते. तिथला एक छोटा पेपर १९६० साली ‘नेचर’मध्ये आला. प्रश्न स्ट्रेप्टोमायसिनचा होता. क्षयावरचं हे पहिलं प्रभावी औषध जिवाणूला मारतं कसं? आनंद आणि डेव्हिस यांना दिसलं की औषधाने जिवाणूच्या पेशीचं पातळ आवरण बिघडतं. पेपरची दखल घेतली गेली. पण दोन-चार वर्षांतच वारं फिरलं. स्ट्रेप्टोमायसिन पेशीतल्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राला, चिकटतं आणि ते यंत्र चुकीची प्रथिनं बनवू लागतं असं सिद्ध झालं. मग आवरणाची गोष्ट मागे पडली. पाठ्यपुस्तकांत रायबोसोम आलं.

१९८६ साली डेव्हिस यांनीच, चेन आणि ताय यांच्याबरोबर, दोन्ही गोष्टी जोडल्या. चुकीची घडलेली प्रथिनं आवरणात जाऊन बसतात, आवरणाला भोकं पडतात, त्या भोकांतून औषध आणखी आत घुसतं आणि चुका आणखी वाढतात. आवरण बिघडतं हे खरं होतं, आणि रायबोसोमही खरं होतं. २००८ साली बॉस्टनमधल्या एका गटाने ‘सेल’मध्ये पेशीमरणाचा हा धागा आणखी पुढे नेला. म्हणजे १९६०च्या त्या दोन पानांना स्पष्टीकरण मिळायला २६ वर्षं लागली. असे उशिरा जागे होणारे पेपर बरेच असतात. डच अभ्यासक अँथनी फान रान यांनी २००४ साली त्यांना ‘झोपलेल्या राजकन्या’ म्हटलं. इम्पॅक्ट फॅक्टर पाहतो ती खिडकी दोनच वर्षांची.

लखनौच्या दुसऱ्या एका कामाने मला खुणेच्या त्या हरवलेल्या अक्षराची सारखी आठवण होते. ते काम गुग्गुळाचं. सुश्रुत संहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली गुग्गुळ आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल यांचा संबंध प्राण्यांवर तपासला. त्यातून पुढे लखनौच्या संस्थेने गुग्गुलिपिड हा अर्क औषध म्हणून तयार केला आणि १९८०च्या दशकात तो बाजारात आला. १९८९ साली त्याच्या चाचण्यांचा अहवाल भारतीय डॉक्टरांच्या ‘जॅपी’ या नियतकालिकात छापला गेला. मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी अशा सात ठिकाणी २०५ रुग्णांनी बारा आठवड्यांची उघडी चाचणी पुरी केली. कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरल्याची त्यात नोंद आहे. उघडी म्हणजे औषध घेतो आहोत हे रुग्णालाही ठाऊक आणि डॉक्टरलाही.

२००२ साली अमेरिकेतल्या गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवलं की गुग्गुळातला गुग्गुलस्टेरोन हा घटक यकृतातल्या एका विशिष्ट ग्राहक-रेणूला अडवतो आणि त्यामुळे कोलेस्टेरॉल उतरतं. जुन्या भारतीय पेपरांना एकदम नवी मागणी आली. लगेच पुढच्याच वर्षी ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात दुसरा अहवाल आला. १०३ माणसं, आठ आठवडे, कोणाला अर्क आणि कोणाला साखरेची गोळी मिळाली हे कोणालाच माहीत नाही अशी चाचणी. अर्क घेणाऱ्यांचं वाईट समजलं जाणारं एलडीएल कोलेस्टेरॉल कमी झालं नाही, चारपाच टक्क्यांनी वाढलंच. साखरेची गोळी घेणाऱ्यांचं पाच टक्क्यांनी उतरलं.

दोन्ही लेखांना जुन्या भारतीय संशोधनाशी हिशेब करावाच लागतो, एकाला त्याचं कारण शोधण्यासाठी, दुसऱ्याला त्याची खातरजमा करण्यासाठी. सूचीत दोन्ही उल्लेख सारखेच. वकिलाच्या सूचीत पहिल्यापुढे ‘मानला’ आणि दुसऱ्यापुढे ‘शंका घेतली’ असं अक्षर असतं. इथे नुसती बेरीज. वादग्रस्त पेपरचे उल्लेख वादानेच वाढतात, आणि ज्याच्यावर कोणाचाच वाद नाही तो खरा पेपर कधीकधी शांत पडून राहतो.

शांत पडून राहण्याचं कारण कधी भूगोलातही असतं. लखनौतच १९६५ साली सिब्ते हसन झैदी यांच्या पुढाकाराने औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्र उभं राहिलं. तिथे मुकुल दास आणि एस. के. खन्ना यांनी पिवळ्या धोत्र्याच्या तेलावर वर्षानुवर्षं काम केलं. पिवळ्या धोत्र्याचं बी मोहरीसारखंच दिसतं. ते मोहरीत मिसळलं आणि तेल गाळलं की त्यातलं सँग्विनारीन पोटात जातं. पाय सुजतात, हृदय थकतं, डोळ्यांवर दाब येतो. या रोगाला एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात. दास आणि खन्ना यांचा या तेलावरचा सविस्तर आढावा १९९७ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी, १९९८च्या पावसाळ्यात, दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने हजारो लोक आजारी पडले आणि साठांहून अधिक माणसं दगावली. आढावा आधीच छापलेला होता, ही गोष्ट मला चटका लावते. पण अशा पेपरला उल्लेख किती मिळणार? बॉस्टनमध्ये किंवा बासेलमध्ये कोणी मोहरीच्या तेलात भाजी परतत नाही. ज्या रोगावर काम करणारी माणसंच जगात मूठभर आहेत, त्या रोगावरचा उत्तमातला उत्तम पेपरही मूठभर उल्लेखच मिळवणार. कर्करोगावरच्या मध्यम पेपराशी त्याची तुलना म्हणजे कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाची उंची मोजून त्याची कुस्ती ठरवणं.

उलट टोकाचा प्रकारही आहे. जगभरातल्या रोगांचा भार मोजणाऱ्या मोठ्या प्रकल्पांच्या लेखांवर शेकडो लेखकांची नावं असतात. त्यात भारतातल्याही अनेक डॉक्टरांची असतात. एकेका लेखाला हजारो उल्लेख, आणि ते यादीतल्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा. त्या डॉक्टराने आपल्या जिल्ह्याची आकडेवारी मनापासून गोळा केली असेल, तिचं मोल आहेच. पण खातं पाहणाऱ्याला हा वाटा दिसत नाही. म्हणून जैववैद्यकातल्या लोकांची नजर आधी नावांच्या क्रमाकडे जाते. पहिलं नाव बहुधा ज्याने प्रयोगाच्या टेबलाशी रात्री काढल्या त्याचं. शेवटचं ज्याच्या प्रयोगशाळेत आणि पैशावर काम झालं त्याचं. करस्पाँडिंग ऑथर म्हणजे शंका विचारायच्या तर पत्र ज्याला लिहायचं तो. मधली नावं म्हणजे मदतीचे हात.

आकड्यांना बक्षीस जोडलं की काय होतं, हे आपण घरात पाहिलं आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि छापलेल्या पेपरांना गुण मिळू लागले. पैसे घ्यायचे आणि आठवड्यात काहीही छापून द्यायचं, अशी नियतकालिकं पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापिकेने मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशातून अशा एका नियतकालिकाची फी भरली, कारण त्याशिवाय फाईल पुढे सरकत नव्हती. तिने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात शरम होती. ती तिची नसायला हवी होती. २०१८ साली पुण्याच्या भूषण पटवर्धन यांनी सहकाऱ्यांसह आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं नमुन्यादाखल तपासली आणि ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की त्यातली ८८ टक्के कमअस्सल आहेत. मे २०१८मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. नंतर ‘केअर’ नावाची नवी यादी पुणे विद्यापीठात तयार होऊ लागली, आणि २०२५ साली आयोगाने तीही बंद केली. जगातही हेच चाललं होतं. २०१२च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी जाहीरनामा केला की माणसाची नेमणूक करताना नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, पेपर वाचा. पेपर वाचा, एवढंच सांगायला जाहीरनामा लागावा इतकी ही सवय मुरली होती.

पेपर वाचायलाही आधी तो सापडावा लागतो, आणि इथे नावांचा घोळ आहे. सूचीत आडनाव आधी, मग आद्याक्षर. नित्य आनंद तिथे ‘आनंद एन.’ होतात. या नावाखाली किती माणसांचे पेपर एकत्र झाले असतील! आपल्याकडे ‘पाटील एस.’ किंवा ‘जोशी ए.’ शोधून पाहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचं तर अर्धं काम एका खात्यात आणि अर्धं दुसऱ्यात. २०१२पासून ओआरसीआयडी नावाचा सोळा अंकी ओळख-क्रमांक मिळू लागला, त्याने आजच्या पिढीची सोय झाली. १९६०च्या पिढीची होणार नाही.

माणसांच्या नावांचं जे झालं तेच औषधाच्या नावाचं. सुप्रभात रे, व्ही. पी. कंबोज, नित्य आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छत्तर मंझिलमध्ये गर्भरोधक रेणूंचा जो शोध चालवला, त्यातला एक रेणू प्रयोगवहीत ‘६७/२०’ या क्रमांकाने ओळखला जायचा. पुढे त्याला नाव मिळालं सेंटक्रोमन. संस्थेच्या ‘सेंट्रल’मधला सेंट आणि क्रोमन हा रेणूचा सांगाडा. मग आंतरराष्ट्रीय नामावलीत तो ऑर्मेलॉक्सिफीन झाला. डेन्मार्कच्या एका कंपनीने १९९०च्या दशकात त्याचं एकच आरसारूप घेऊन, लेव्हॉर्मेलॉक्सिफीन या नावाने, हाडं ठिसूळ होण्यावर चाचण्या केल्या आणि गर्भाशयावरच्या दुष्परिणामांमुळे थांबवल्या. इस्ट्रोजेनच्या ग्राहकाला एका अवयवात चालू आणि दुसऱ्या अवयवात बंद करणाऱ्या अशा औषधांचा वर्ग आज ‘सर्म’ म्हणून ओळखला जातो. ते नाव रूढ व्हायच्या कितीतरी आधी लखनौत हा रेणू घडला होता. आज कोणी ‘सर्म’ असं शोधलं तर १९६०-७०च्या दशकातले ते पेपर सहजी हाती लागत नाहीत, कारण त्यांत तो शब्दच नाही. चार नावांत एक औषध विखुरलं, आणि त्याचे उल्लेखही.

शिवाय या औषधाच्या आयुष्यातलं बरंचसं कागदपत्र उल्लेखांच्या सूचीत कधी येतच नाही. पेटंटं तिथे नाहीत. औषध नियंत्रकाकडे दिलेल्या विषचाचण्यांच्या फायली नाहीत. नित्य आनंद यांनी जसजीत बिंद्रा आणि सुब्रमण्य रंगनाथन यांच्याबरोबर १९७० साली लिहिलेलं ‘आर्ट इन ऑर्गॅनिक सिंथेसिस’ हे पुस्तकही पेपरांच्या मोजणीत नीट बसत नाही. विद्यार्थी पुस्तकातून शिकतात, आणि शिकलेल्या गोष्टीचा हवाला देत नाहीत.

सेंटक्रोमन १९९१ साली ‘सहेली’ या नावाने बाजारात आलं. त्यात स्टेरॉइड नाही. बीज आणि गर्भाशयाचं अस्तर यांचा वेळेचा मेळ ते बिघडवतं, त्यामुळे गर्भ रुजत नाही. शरीरातून ते फार सावकाश जातं. अर्धं उतरायलाच साधारण एक आठवडा लागतो. म्हणून रोज गोळी घ्यावी लागत नाही. ज्या घरात नवऱ्याच्या किंवा सासूच्या नजरेखाली रोज पाकीट उघडणं अवघड, तिथे या सावकाशीला फार किंमत आहे, असं मला वाटतं. रसायनशास्त्रात तो नुसता एक आकडा आहे, तासांत मोजलेला.

२०१६पासून हीच गोळी सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने मोफत मिळू लागली. म्हणजे पाचवं-सहावं नाव. संस्था आता छत्तर मंझिल सोडून शहराबाहेर सीतापूर रस्त्यावरच्या जानकीपुरम विस्तारात गेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स पाकीट देताना पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायचं सांगते, पुढे एकदाच. मग ती बाईला विचारते, कोणता वार लक्षात राहील तुमच्या? बाई थोडा विचार करते आणि म्हणते, बाजाराचा.